डिझायरचे पुढचे शॉकअप बदलले : गॅब्रिएलचे स्ट्रट आणि सोबतचे रबर, दोन महिन्यांचा अनुभव

गाडी 2014 ची डिझायर पेट्रोल, 96 हजार किलोमीटर झालेत. पुण्यात रोज धायरी ते कर्वेनगर आणि आठवड्यातून दोनदा आईला फिजिओथेरपीला न्यायचं. आईला मणक्याचा त्रास आहे त्यामुळे पिकअप, मायलेज सगळं नंतर, खड्ड्यात धक्का किती लागतो ते आधी.

गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये "शॉकअप गेलाय" म्हणून फक्त डाव्या बाजूचा एकच बदलून दिला होता. आठ दिवसांत खटखट परत सुरू, वर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला जास्त वाकायची. शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे असतात, एक नवा एक थकलेला असला की दोन्ही चाकं वेगवेगळी वागतात, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. त्या 2 हजारांपेक्षा आईचे त्या काळातले हाल जास्त लागले मला.

या वेळी सिंहगड रोडवरच्या एका मेकॅनिककाकांकडे गेलो, ते आधी शेजारी बसून एक चक्कर मारून आले आणि मगच गाडी उचलली. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येकाला कळायला हवं असं मला वाटतं. पेव्हर ब्लॉकवरून हळू जाताना बारीक टकटक येते ती बऱ्याचदा लिंक रॉडची (गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला जोडणारी छोटी दांडी), स्टिअरिंग जागेवर वळवताना कर्र आवाज येऊन हाताला झटका बसतो तो माउंटच्या (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारी रबरी बैठक) बेअरिंगचा, ब्रेक दाबताना पुढून एकदाच ठक होतं ते लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा हात) बुशचं, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबराचं, आणि स्पीडब्रेकरनंतर गाडी एकदा बसून थांबायच्या ऐवजी दोन-तीन वेळा हेलकावते, टायरवर हात फिरवला तर उंचसखल लागतं, तेव्हा शॉकअप. माझ्या गाडीत हे सगळंच होतं.

पार्ट घ्यायला नाना पेठेत गेलो. कंपनीचा ओरिजिनल आणि गॅब्रिएल असे दोन पर्याय समोर ठेवले, मी गॅब्रिएल घेतले. 1961 पासूनची कंपनी, मुख्य ऑफिस आपल्या चाकणजवळ, आणि काकांचाही त्यांच्या मालावर भरवसा. एका ओळखीच्या मुलाने कडक स्पोर्ट्स शॉकअप आणि पॉलियुरेथेनचे बुश घे म्हणून आग्रह केला होता, ते मी ठाम नाही म्हटलं. तसले बुश टिकतात खरे पण रबरापेक्षा कडक असल्यामुळे रस्त्याचा कंप सरळ सीटपर्यंत आणतात. स्प्रिंगच्या वेटोळ्यात घालायचे ते रबरी बफरही नको, गाडी वर उचलली जाते पण स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही. स्प्रिंग जुन्याच ठेवल्या, तुटलेल्या किंवा बसलेल्या नव्हत्या.

स्ट्रटबरोबर (म्हणजे पुढचा शॉकअप, ज्यावर स्प्रिंग बसते) दोन्ही माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (पूर्ण दबल्यावर आपटू न देणारं रबर), डस्ट कव्हर, लिंक रॉडची जोडी आणि दोन्ही लोअर आर्म घेतले. आर्म बुश आणि बॉल जॉइंट (चाकाकडचा फिरता सांधा) बसवूनच येतो. माउंटचे पैसे वाचवू नका, स्प्रिंग दाबून स्ट्रट एकदा खोलला की ते बदलायचं काम त्यातच होतं आणि नंतर परत तीच मजुरी द्यावी लागते.

जुना माउंट काकांनी माझ्या हातात दिला, रबराला बोट आत जाईल एवढी चीर आणि बेअरिंग फिरवलं तर वाळू भरल्यासारखं. उजवा जुना शॉकअप दाबला तो खाली गेला आणि तिथेच राहिला. नवे बसवायच्या आधी त्यांनी उभे धरून चार-पाच वेळा वरखाली केले, आतली हवा निघावी म्हणून, आणि शॉकअपच्या रॉडला पक्कड अजिबात लावली नाही कारण चरा पडला की सील लगेच गळतं. सगळ्यात आवडलं ते म्हणजे आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी वर असताना नुसते अडकवले आणि चाकं जमिनीवर टेकवून, गाडी तिच्या वजनावर बसल्यावर मग पक्के आवळले. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

मजुरी आणि अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) धरून साधारण 12 हजार गेले. अलाइनमेंट टाळू नका, नाहीतर टायर एका बाजूने झिजतील. टायरमधली हवासुद्धा दारावरच्या स्टिकरप्रमाणेच भरा, उगाच दोन-तीन पॉइंट जास्त भरली तर नवे शॉकअपही कडक वाटतात.

पहिले दोन दिवस पुढची बाजू थोडी घट्ट वाटली, नंतर मस्त बसली. आवाज पूर्ण बंद आहे, खड्डा कळतो पण दणका कमरेपर्यंत येत नाही. वडगावच्या पुलाखाली रस्ता खराब आहे तिथे आई दाराच्या वरचं हँडल घट्ट धरून बसायची, परवा तिथून जाताना आरशात बघितलं तर दोन्ही हात मांडीवर आणि फोनवर मावशीशी बोलणं चालू होतं. मागचे शॉकअप गळत नाहीयेत म्हणून राहू दिलेत, मागे स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असल्यामुळे ते काम कमी वेळाचं आहे, पावसाळा संपला की तेही जोडीनेच करणार.