बायबल कॉलेजसाठीचं सुरक्षितता प्रशिक्षण: सकाळचं सत्र उत्तम, दुपारचं अपुरं

नागपुरातल्या सेमिनरी (चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, घडवणाऱ्या संस्था) आणि बायबल कॉलेजांसाठी एक प्रशिक्षक गट लैंगिक छळाच्या तक्रारी हाताळण्याचं दिवसभराचं सुरक्षितता प्रशिक्षण घेतो. प्राध्यापक, वॉर्डन, कार्यालयातले कर्मचारी आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी एकत्र बसतात. हे प्रशिक्षण घ्यावं असंच आम्ही सांगू. मात्र दुपारच्या सत्रात काय हवं ते बोलवण्याआधी ठरवून घ्या, नाहीतर कॉलेजच्या कामाचा निम्मा भाग राहून जातो.

सकाळचं सत्र तक्रार ऐकून कशी घ्यायची याचं. जोड्या पाडून सराव होतो आणि प्रत्येक चूक तिथल्या तिथे थांबवून दाखवतात. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. ‘त्यांनी तुला हात लावला का?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न नको. ‘काय झालं ते सांगशील?’ एवढं पुरे. ऐकलेलं त्याच दिवशी, सांगणाऱ्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ आणि सहीसह कागदावर उतरवायचं. व्हॉट्सॲपवर एक ओळही टाकायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून ‘जरा विचारून बघू’ हे करायचं नाही. पुरावा आणि साक्षीदार दोन्ही तिथेच हातचे जातात. चांगल्या मनाचे पाळक नेमकं हेच करतात, म्हणून या सरावाला दिलेला वेळ योग्यच.

पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांबद्दलच्या कायद्याचा, भागही नेमका आहे. संडे स्कूलमधल्या किंवा वसतिगृहातल्या अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या अत्याचाराबाबत कळलं, की कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबाबत लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीची बैठक घेऊ, मग बघू, याला कायद्यात जागा नाही. मुलाला पोलीस ठाण्यात नेण्याची गरज नसते. जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो, हे वॉर्डनना माहीत असलं की निम्मी भीती जाते. पुरावा म्हणून कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवणं आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू होणं, हेही सांगतात. भिंतीवर लावायच्या तक्त्यावर १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (आपत्कालीन मदत) आहेत. त्यात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि पोलिसांचा भरोसा सेल यांची नावं कॉलेजने स्वतः घालून घ्यावीत. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला नागपुरात कुठे जायचं ते ठाऊक नसतं.

दुपारी गाडी अडते. तेव्हा पॉश, म्हणजे कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा, कायदा सांगतात, पण कुठल्याही कंपनीला सांगावा तसा. बायबल कॉलेजमध्ये प्राचार्यच गुण देतात, वसतिगृहाची खोली देतात, समुपदेशन करतात आणि शेवटी पाळकपदाच्या दीक्षेसाठी शिफारसपत्रही लिहितात. पंचवीस वर्षांचा विद्यार्थी वयाने सज्ञान असतो, पण त्याचं घर, शिक्षण आणि पुढचा सेवाकार्याचा रस्ता एकाच माणसाच्या सहीवर अवलंबून असतो. गडचिरोली, छत्तीसगड किंवा ईशान्येकडून शिष्यवृत्तीवर आलेल्यांचं तर आणखी. ‘असुरक्षित’ म्हणजे फक्त लहान मुलं, असं समजून प्रशिक्षण थांबतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ६८ अधिकाराचा गैरवापर करून स्त्रीशी ठेवलेल्या संबंधांबद्दल आहे. त्याचा उल्लेखही झाला नाही.

पॉशच्या २०१३ च्या नियमांत शिक्षणसंस्थेसाठी एक फार उपयोगी तरतूद आहे. चौकशी चालू असताना तक्रारदार मुलीने लेखी मागितलं, तर आरोपीला तिच्या शैक्षणिक कामावर देखरेख करण्यापासून रोखण्याची शिफारस समिती करू शकते. म्हणजे तिचा प्रबंध दुसऱ्याकडे जाईल, गुण दुसरा देईल. शिफारसपत्राचं मात्र कॉलेजला आपल्या धोरणात वेगळं लिहावं लागेल. तडजोडीबद्दल मात्र कायदा स्पष्ट आहे. ती फक्त मुलीने मागितली तर होते, पैशांवर कधीच नाही. वडील मंडळींनी दोघांना समोरासमोर बसवून प्रार्थना करायची आणि ‘क्षमा कर’ म्हणायचं, हा दबाव आहे. क्षमा तिच्या मनाची गोष्ट. चौकशी संस्थेचं कर्तव्य. दोन्ही एकाच खोलीत उरकू नयेत.

समितीबद्दलही थोडक्यात भागवलं. दहा किंवा जास्त कर्मचारी असले तर अंतर्गत समिती लागते, तिच्यात वरिष्ठ महिला अध्यक्ष आणि संस्थेबाहेरचा एक सदस्य हवा. प्राचार्यांच्या पत्नी अध्यक्ष असतील तर मुली तक्रार घेऊन जाणार नाहीत. बाहेरचा सदस्य आपल्याच मंडळीचा नसावा. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या लहान कॉलेजची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध, म्हणजे संस्था चालवणाऱ्याविरुद्ध, असेल तर मोठ्या कॉलेजचीही तिथेच जाते. लहान कॉलेजांना हेच सर्वांत आधी सांगायला हवं. पॉश फक्त स्त्रियांच्या तक्रारी घेतो, आणि सेमिनरीच्या वसतिगृहांत मुलगे मोठ्या संख्येने असतात. त्यांच्यासाठी कॉलेजचं स्वतःचं धोरण नसेल, तर सज्ञान मुलाला जायला दार जवळजवळ उरत नाही. प्रशिक्षकांनी यावर तासभर द्यायला हवा होता.

शनिवार-रविवारच्या फील्ड वर्कचा विषय निघालाच नाही. विद्यार्थी गावच्या मंडळीत राहतो, मुलांना शिकवतो, आजाऱ्यांच्या घरी जातो. तिथे तो कुणाच्या देखरेखीखाली आहे आणि तक्रार आली तर कॉलेज बघणार की मंडळी, हे दोघांनी सही करून आधी ठरवलेलं असावं. घरभेटीला दोघांनी जावं, समुपदेशनाच्या खोलीला काचेचं दार असावं, रात्री विद्यार्थ्याला एकट्याने पाळकाच्या घरी बोलावू नये.

बोलवायचंच असेल तर गटाला तुमचं छापील धोरण आठवडाभर आधी द्या आणि दुपार त्यावरच घ्यायला सांगा. सत्र हिंदीतही मागा, मराठी न समजणारे विद्यार्थी मागे गप्प बसून राहतात. आणि विद्यार्थ्यांची एक बैठक प्राध्यापक खोलीत नसताना घ्यायला लावा.