वर्धा रोडची ‘स्वयंपूर्ण’ टाउनशिप: पाण्याचं काम चोख, पण मागच्या भिंतीला फाटक हवं

नागपुरात खापरीच्या पुढे, वर्धा रोडपासून आत, सात मजली इमारतींची एक टाउनशिप उभी होऊन राहिली आहे. साधारण चारशे फ्लॅट. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: शाश्वत, स्वयंपूर्ण, पायी फिरता येईल अशी वसाहत. माझी मुलगी आणि जावई तिथं घर घ्यायचा विचार करताहेत, म्हणून मी ती जागा नीट बघून घेतली. नोकरीभर मी नगररचनेच्या कामात अनुरेखक होते. दुसऱ्यांनी आखलेले ले-आउट ट्रेसिंग पेपरवर उतरवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे नकाशा हातात आला की आधी उत्तर दिशा, मग स्केल आणि मग रस्ते कुठं जाऊन संपतात ते बघते. बिल्डरचं नाव लिहीत नाही. काम अजून चालू आहे आणि खाली सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी आजही सुधारता येतील.

आधी पाणी, कारण ते काम खरंच मनापासून केलंय. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 45 लिटर संडासच्या फ्लशला जातं. इथं प्रत्येक फ्लॅटला दोन वेगळ्या लाइनी आहेत. दुसऱ्या लाइनीतून शुद्ध केलेलं सांडपाणी थेट फ्लशच्या टाकीत येतं. ताज्या पाण्याचा तिसरा हिस्सा तिथंच वाचला. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, हे आपण नागपूरकर अभिमानानं सांगतो. नव्या वसाहतींनी आपलं आपण एवढं करायलाच पाहिजे.

त्याहून मला आवडली ती विहीर. ही जागा पूर्वी संत्र्याची बाग होती. बागेची दगडी विहीर बुजवली नाही, इमारतींच्या छतांचं पाणी गाळून तिच्यात सोडलं आहे. मी गाळणीवरचं झाकण काढायला लावलं. तळाला गोटे, त्यावर गिट्टी, वर जाड रेती, आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह. थर बरोबर लागले आहेत. आपल्या काळ्या मातीत पाणी सहज मुरत नाही, वरवरचा शोषखड्डा खणला की त्याचं डबकं होतं. पाणी खालच्या मुरमापर्यंत न्यावं लागतं, आणि ते ही विहीर करते.

तरी ‘पाण्यात स्वयंपूर्ण’ हे पत्रकातलं वाक्य काढून टाकावं. नागपूरला वर्षाला साधारण 1100 मिलिमीटर पाऊस पडतो. 100 चौरस मीटरच्या छतावरून, वाया जाणारं सोडून, 88,000 लिटर हाती येतं. एकमजली घरात चौघांना ते पाच महिने पुरेल. सात मजल्यांत तेच छत सात घरांत वाटलं गेलं, की वाट्याला येतं साडेबारा हजार लिटर, म्हणजे जेमतेम 23 दिवस. इमारत उंच झाली की छतावरच्या सोलरचंही असंच वाटप होतं. जिन्यातले दिवे, पंप चालतील. मे महिन्यातले एसी चालणार नाहीत.

आता पायी फिरण्याचं. पत्रकात सगळं 400 मीटरच्या आत असल्याचं लिहिलंय. मिनिटाला 80 मीटर धरले तर पाच मिनिटं. अमेरिकेत क्लॅरेन्स पेरींनी 1929 मध्ये मधोमध शाळा आणि भोवती पाव मैलात घरं अशी वस्तीची मांडणी सुचवली, तेव्हापासून हे अंतर नगररचनेत चालत आलंय. पण नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, पारा 45 च्या वर गेला की नागपुरात मीटर कोणी मोजत नाही, सावली बघतात. मे अखेरीस आपल्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. इमारतींची सावली त्यांच्या पायाशीच राहते, आणि चालणाऱ्याला आधार फक्त झाडाच्या छत्रीचा. इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शोभेचे पाम लावलेत. कडुनिंब आणि करंज आज लावले तर मुलीची मुलं शाळेत जायला लागतील तोवर सावली धरतील. पामाला ते कधीच जमणार नाही.

फुटपाथला मी टेप लावला. रुंदी चार फूट, आणि त्यातच विजेचे डबे उभे केलेले. रस्त्यांच्या राष्ट्रीय मानकात किमान 1.8 मीटर मोकळी जागा आणि फुटपाथच्या कडेची उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर सांगितली आहे. इथं कड नऊ इंचांची आहे. गुडघे धरलेला माणूस ती चढत नाही, तो खाली गाड्यांमधूनच चालतो.

सगळ्यात मोठा दोष मागच्या भिंतीचा. पत्रकातल्या नकाशात तिच्यापलीकडे कोरा कागद आहे. प्रत्यक्षात पलीकडे गाव आहे, आणि गावाच्या मोकळ्या जागेवर आठवडी बाजार भरतो. बाया पोतं अंथरून वांगी, पालक, सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या, लाखोळीची डाळ, जवस घेऊन बसतात. बहुतेकींचा माल त्यांच्याच वावरातला. भिंतीपासून हा बाजार हाकेच्या अंतरावर. पण भिंत आठ फुटी आणि गेट एकच, तेही समोर. वळसा घालून दीड किलोमीटर पडतं, आणि त्या रस्त्याला फुटपाथ नाही.

विक्रीच्या मुलाला मी हे विचारलं. तो म्हणाला, “काकू, भाजीसाठी बाहेर जायचं कामच नाही, आपली ऑरगॅनिक बाग आहे ना.”

बाग आहे अर्ध्या एकराची. मी त्याला म्हटलं, “बेटा, कागद घे.” चारशे घरं, सोळाशे माणसं, माणशी पाव किलो भाजी. रोजची चारशे किलो. अर्ध्या एकरात वर्षाची तीन पिकं चांगली आली तरी सरासरी रोजचे पंचवीस-तीस किलो निघतील. उरलेली भाजी कोणाच्या तरी शेतातून येणारच, मग ती भिंतीपलीकडून का येऊ नये? त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि साहेबांना दाखवतो म्हणाला. दाखवला असावा, कारण दुसऱ्या दिवशी साइटवरच्या इंजिनिअरचा फोन आला.

स्वयंपूर्ण हा शब्द आपल्या भागात हलका वापरू नये. 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि इथून दोन तासांवर, वर्ध्याच्या मगनवाडीत, तेलघाणी आणि हातकागद यांवर वर्षानुवर्षं काम झालं. तिथला विचार सरळ होता: शेजारच्या माणसाच्या हाताला काम मिळावं म्हणून वस्तू शेजारून घ्यायची. या टाउनशिपच्या तळमजल्यावर एक मोठं सुपरमार्केट आणि जिम आहे. शे-सव्वाशे चौरस फुटांचा एकही गाळा नाही. मी लक्ष्मीनगरात राहते. आठ रस्ता चौकाकडे पायी निघाले की दळण टाकून, ब्लाउज शिंप्याकडे देऊन, इस्त्रीचे कपडे घेऊन परत येते. चारशे घरांना चक्की, शिंपी, चांभार, सायकल दुरुस्तीवाला लागतोच. शिवाय घरकामाला शंभरावर बाया लागतील. त्या पलीकडच्या गावातूनच येणार, म्हणजे त्यांनाही रोज तोच वळसा.

घर बघायला जाणाऱ्यांनी महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवरचा मंजूर नकाशा जरूर उघडून बघावा. पत्रकात ‘शाळा’ रंगवली आहे, मंजूर नकाशात तिथं फक्त राखीव भूखंड आहे. लहान मुलं असतील त्यांनी शाळा धरून चालू नये. नंतर मंजूर नकाशात बदल करायचा तर दोन तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते. तेव्हा जे मागायचं ते विक्री चालू आहे तोवरच मागावं, चार-पाच ग्राहकांनी मिळून मागितलं तर उत्तम.

पाण्यासाठी मी पाचपैकी पाच देते, चालण्यासाठी दोन, स्वयंपूर्णतेसाठी एक. इंजिनिअरनं विहिरीजवळ दहा फुटांची जागा पेन्सिलीनं खूण करून दाखवली आहे. फाटक आणि चौकीदाराची खोली तिथं सहज बसते, आणि शेजारच्या पार्किंगच्या चार जागा सोडल्या तर सहा छोटे गाळेही निघतात. हे फाटक मंजूर नकाशात आलं तर मुलीनं टोकन द्यावं, नाही आलं तर देऊ नये, असं मी घरी सांगितलं आहे.