स्काय-वॉचर स्टार अ‍ॅडव्हेंचरर 2आय: लोकलने नेण्याजोगा ट्रॅकर
ताऱ्यांचे फोटो काढायला वांगणीला (मुंबईजवळचं आकाशनिरीक्षणाचं ठिकाण) लोकलने जाणाऱ्याने हाच ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र, घ्यावा. कॅमेऱ्याच्या सॅकमध्ये मावतो, 4 डबल-ए सेलवर चालतो. कंपनी 5 किलो पेलतो म्हणते. मी 135 एमएम लेन्सच्या पुढे जात नाही. याच लेन्सला ट्रॅकरशिवाय 3-4 सेकंदांतच तारे लांबट होतात, आता शटर 2 मिनिटं उघडं ठेवलं तरी टिंबासारखे गोल. मृगातला तेजोमेघ कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच गुलाबी दिसतो, सोबतची पोरं ओरडतातच!

खरी कसरत ध्रुव गाठायची, कारण ट्रॅकरचा अक्ष त्याच्याच दिशेने रोखावा लागतो. आपल्याकडे तो जेमतेम 19 अंशांवर, त्यामुळे पोलर स्कोपला (ट्रॅकरमधली ध्रुव शोधायची छोटी दुर्बीण) डोळा लावायला अक्षरशः लोळण घ्यावी लागते. सतरंजी न्याच. आणि ट्रायपॉडमध्ये कंजुषी नको. हलका असला की वाऱ्याने फ्रेम गेलीच.