दारावरचा कॅमेरा, चुंबकीय सेन्सर आणि भोंगा: पावसाळा उलटल्यानंतरचा अनुभव

नाशिकमधील आमच्या रो-हाऊसमध्ये दिवसभर सासूबाई एकट्याच असतात. गेल्या दिवाळीपूर्वी आम्ही पुढच्या दाराबाहेर बोलता येणारा वाय-फाय कॅमेरा, मागच्या दाराला सेन्सर आणि दोहोंना जोडलेला भोंगा असा संच बसवला.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग रात्री होईल असे वाटले होते. तो होतो भर दुपारी. दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणणारे किंवा मीटर तपासायला आलो म्हणणारे भामटे घरात वृद्ध बाई एकटी असण्याची वेळ साधूनच येतात. पूर्वी सासूबाई आधी दार उघडत आणि मग चौकशी करीत. आता त्या आतूनच मोबाइलवर माणूस पाहतात, "ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरा" असे खणखणीत आवाजात सांगतात आणि काही जण तेवढ्यावरच काढता पाय घेतात. आवाज किंचित उशिरा पोहोचतो, पण त्याने काही अडत नाही.

रात्रीची गोष्ट वेगळी. अंधारात दिसावे म्हणून कॅमेरा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश सोडतो. रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगावर जाळे विणतो. पावसाळ्यात तर त्या हलत्या जाळ्यामुळे मध्यरात्री मोबाइल सारखा वाजत असे. केवळ माणूस दिसल्यावरच सूचना द्यावी अशी सोय ॲपमध्ये आहे, ती सुरू केल्यावर त्रास बराच कमी झाला, तरी भिंग अधूनमधून पुसावेच लागते. वीज गेली की राउटर बंद आणि कॅमेरा आंधळा, म्हणून दोहोंसाठी छोटा यूपीएस घ्यावा लागला. तो खर्च विक्रेता आधी सांगत नाही.

मागच्या दाराचा सेन्सर साधा आहे: चुंबक दारावर, स्विच चौकटीवर, दोन्ही एकमेकांपासून दूर गेले की भोंगा. याचा अर्थ दार उघडल्यानंतरच तो वाजणार. "बंद घराचा कडी-कोयंडा तोडून" ही बातमी आपण नेहमी वाचतो. कटावणीपुढे कोयंड्याचे अर्ध्या इंचाचे स्क्रू टिकत नाहीत आणि बाहेर लोंबणारे कुलूप घर रिकामे असल्याची जाहिरातच करते. म्हणून सुताराकडून दारातच बसणारे मॉर्टिस कुलूप लावून घेतले, कुलपाची जीभ जिच्यात अडकते त्या चौकटीतील पट्टीला भिंतीपर्यंत जाणारे लांब स्क्रू मारले आणि आतून आडवा अडसर बसवला. माझ्या मते संपूर्ण खर्चातील सर्वांत सार्थकी लागलेला भाग हाच, कारण दार जितका वेळ तग धरेल तितकाच वेळ आतल्या माणसाला खोलीची कडी लावून ११२ क्रमांकावर फोन करायला मिळतो.

चित्रण कुठे साठते हेही विकत घेण्यापूर्वी विचारावे. चोर अनेकदा जाताना डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटीच, उचलून नेतात, आणि आमच्या कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड तर दाराबाहेर, हाताच्या अंतरावर आहे. त्यामुळे चित्रण इंटरनेटवर साठवणाऱ्या क्लाउड सेवेचे मासिक शुल्क भरणे भाग पडते, आणि ते मला अजूनही खटकते. समोरच्यांचे दारही चित्रात येत होते. त्यांनी सांगण्यापूर्वीच ॲपमधून तो भाग झाकून टाकला आणि बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलला.