साठीच्या पायांसाठी चाळ : इतवारीतलं दुकान

आमच्याकडे, लाखांदूरच्या बाजूला, दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात. मंडई म्हटलं की रात्रभर दंडार नाही तर खडी गंमत, ही आमच्याकडची नाचगाण्याची लोकनाट्यं. पोरसवदा असताना मी आमच्या पार्टीत नाच्या होतो, म्हणजे बाईच्या वेशात नाचायचो. मग लग्न, शेती, आणि पायातले घुंगरांचे चाळ सुटले ते सुटलेच. नवी पोरं डीजेच्या नादी, लुगडं नेसून उभं राहायला कोणी तयार होईना, म्हणून पार्टीच्या शाहिरांनी मलाच गळ घातली. घरच्यांनी नाकं मुरडली असती, पण २०२३ मध्ये आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाट्यकलावंत परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून मुलाचा सूर जरा नरमला आहे.

तर चाळ. नागपूरला इतवारीत, भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत मिळाले. पुढे देवाच्या घंटा टांगलेल्या, घुंगरांची पेटी आत. माल उत्तर प्रदेशातल्या जलेसरचा, पितळी. म्हातारे दुकानदार आधी माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हणाले, "काहून जी, या वयात शंभर-शंभर बांधता?" कथकवाले तेवढे बांधतात, कधी जास्तही. पण त्यांच्या पायाखाली सपाट फरशी असते. आम्ही नाचतो धान कापलेल्या बांधीत, म्हणजे शेतात, धसकटं आणि तणसावर. पाय आपटला तरी निम्मा आवाज मातीच खाते, वर ढोलकी नि डफ. कमी घ्यावे तर ऐकू जात नाहीत, जास्त घ्यावे तर गुडघे बोलतात. शेवटी मधल्या मापाचे साठ-साठ घेतले. समोरच्या बायकांना नीट ऐकू जातात, मागे बिड्या ओढत बसलेल्यांना नाही. त्यांचं तसंही लक्ष नसतं.

निवडताना प्रत्येक घुंगरू कानाशी हलवून घ्या. आतली गोळी अडकलेली असेल तर तो मुकाच राहतो. चिरेवरून बोटही फिरवा, कच राहिली असेल तर पिंढरी सोलते. म्हाताऱ्यांनी असे पाच-सहा न कुरकुरता बदलून दिले. ओवणी उत्तम. दर घुंगराला वेगळी गाठ, एक निसटला तरी बाकीचे सांडत नाहीत.

दोरी मात्र भिकार. नोव्हेंबरच्या दवात ओली होऊन ताणली, मध्यरात्री चाळ घोट्यावर उतरले आणि लावणी सोडून मी ते सावरत बसलो. घरी आल्यावर बायकोने जाड सुती दोरीत पुन्हा ओवून दिले, तेव्हापासून हलले नाहीत. बांधताना खाली जुन्या धोतराची पट्टी गुंडाळावी.

जोडीला १८०० रुपये पडले, घासाघीस चालत नाही. दुकानाला पाचपैकी चार गुण, एक दोरीचा कापला. चामडी पट्ट्यावर शिवलेले हवे असतील तर तिथे जाऊ नका, ठेवत नाहीत.