चर्चमधील हवा मोजताना : ॲरानेट ४ या यंत्राचे परीक्षण

ॲरानेट ४ हे हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दाखवणारे, तळहातावर मावणारे यंत्र लाटव्हियातील साफ टेहनिका ही कंपनी बनवते. घरे, शाळा आणि कचेऱ्यांसाठी ते विकले जाते. मी ते वसईतील आमच्या धर्मग्रामात (एका चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती समाजात) वापरले आणि त्याच दृष्टीने येथे लिहीत आहे. मिस्सा (चर्चमधील मुख्य सामूहिक उपासना), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), गायनवृंदाचा सराव, लग्नाचे जेवण, मयताच्या घरची प्रार्थना अशा प्रसंगी माणसे बराच वेळ खेटून बसतात आणि मोठ्याने गातात. त्यांत म्हातारी माणसे असतात, तान्ही मुले असतात, केमोथेरपी चालू असलेले रुग्णही असतात. प्रार्थनेला यावे की आजारपण टाळावे, अशी निवड त्यांच्यावर लादली जाऊ नये, असे मला फार वाटते.

कोविडच्या काळात चर्चच्या दारातील पवित्र पाण्याची पात्रे रिकामी झाली, मिस्सेत एकमेकांना द्यायची शांतीची खूण हात जोडून दिली जाऊ लागली, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) जिभेऐवजी तळहातावर मिळू लागला. हे सारे योग्यच होते. पण हवेकडे आपले लक्ष फार कमी गेले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन येथील प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये १० मार्च २०२० रोजी स्कॅजिट व्हॅली कोराल या गायनवृंदाचा सुमारे अडीच तास सराव झाला. दारात सॅनिटायझर होते, गळाभेटी आणि हस्तांदोलन टाळले गेले होते, तरीही उपस्थित ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. गाताना तोंडावाटे बोलण्यापेक्षा कितीतरी अधिक सूक्ष्म तुषार बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते तरंगत राहतात. गोवर आणि क्षय हे रोगही हवेतूनच पसरतात, आणि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. त्यामुळे कोविड ओसरला म्हणून हा विषय मिटत नाही.

हे यंत्र विषाणू मोजत नाही; खोलीत इतरांच्या श्वासातली हवा किती साचली आहे, त्याचा अंदाज देते. बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, तर आपण सोडलेल्या श्वासात तो सुमारे ४० हजार पीपीएम असतो. खोलीतील आकडा ८०० झाला, की आत घेतलेल्या हवेपैकी साधारण शंभरावा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो, आणि २००० झाला की तोच वाटा पंचविसाव्या भागापर्यंत जातो. ॲरानेट ४ च्या कागदासारख्या पडद्यावर हा आकडा ठळक दिसतो आणि मूळ मांडणीनुसार १००० पर्यंत हिरवा, १४०० पर्यंत पिवळा व त्यापुढे लाल रंग दाखवला जातो. समूहप्रार्थनेसाठी ही मर्यादा मला सैल वाटते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने चांगल्या वायुवीजनाची खूण म्हणून ८०० हा आकडा सांगितला आहे आणि आम्हीही तोच धरतो.

यंत्राचा खरा उपयोग दोन जागांची तुलना करताना कळला. उंच छताच्या, दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या असलेल्या आमच्या जुन्या चर्चमध्ये भरगच्च मिस्सेतही आकडा सहसा हिरव्यात राहिला. पण ज्या नव्या वातानुकूलित सभागृहात सराव आणि बैठका होतात, तेथे दारे लावल्यावर थोड्याच वेळात तो लाल पट्ट्यात शिरला. त्याचे कारण साधे आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. पेरूमधील लिमा येथील रुग्णालयांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, दारे-खिडक्या उघडल्यावर खोलीतील हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत असल्याचे, तर यांत्रिक वायुवीजन असलेल्या खोल्यांत हा दर १२ धरला गेल्याचे दिसते. १९५० पूर्वीच्या उंच छताच्या इमारती त्यांत सर्वांत सरस ठरल्या. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून एक पंखा बाहेरच्या दिशेने लावला, की आकडा डोळ्यांदेखत उतरतो, आणि तो पडदा पाहिल्यावर खिडकीवरून होणारा वाद आपोआप थांबतो.

खरेदी करताना एक गोष्ट नीट तपासावी. बाजारात बिननावाची स्वस्त यंत्रे मिळतात. त्यांतील अनेक कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, इतर वायूंवरून अंदाज बांधतात. आम्ही आधी घेतलेल्या अशाच एका यंत्राचा आकडा कोणी हाताला सॅनिटायझर लावले किंवा धूप फिरवला, की भलताच उसळत असे. ॲरानेट ४ मध्ये अवरक्त किरणांनी मोजणारा संवेदक असल्यामुळे अल्कोहोलच्या वाफेने ते फसत नाही. तरीही ते वेदीवरच्या मेणबत्त्यांजवळ ठेवू नये, कारण ज्योतीतूनही कार्बन डायऑक्साइड निघतो. आणि माणसाच्या तोंडापासून ते हातभर तरी दूर असावे.

यंत्राच्या मर्यादा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. हेपा गाळणीचे (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचे) हवाशुद्धक विषाणू अडवते, पण कार्बन डायऑक्साइड अडवत नाही, म्हणून ते लावल्यावर हवा सुरक्षित झाली तरी आकडा तसाच राहतो. उलट, आकडा हिरवा असला तरी शेजारी खोकणाऱ्या माणसापासून संरक्षण मिळत नाही. अशा वेळी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन९५ मास्कच हवा, आणि ताप-खोकला असलेल्या व्यक्तीने घरीच राहावे, हे धर्मगुरूंनी वेदीवरून सांगितले तर त्या व्यक्तीला अपराधी वाटत नाही.

दोन पेन्सिल सेलवर यंत्र दीर्घकाळ चालते आणि जुन्या नोंदी मोबाइलवर पाहता येतात. किंमत दोनशे डॉलरच्या आसपास असल्याने प्रत्येक कुटुंबाने ते घ्यावे असे मी म्हणणार नाही. धर्मग्रामाने मिळून एक घ्यावे, सभागृहाच्या मध्यभागी, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावे, आणि आकडा ८०० च्या वर गेला की खिडक्या उघडण्याचे काम नावानिशी कोणाकडे तरी सोपवावे.