‘पीपल्स वॉर’: युद्धकाळातल्या ग्रामर स्कूलचा विद्यार्थ्यांनी सांगितलेला इतिहास

बीबीसीचे ‘डब्ल्यूडब्ल्यू टू पीपल्स वॉर’ हे संकेतस्थळ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातून गेलेल्या सामान्य माणसांच्या आठवणींचा संग्रह आहे. जून २००३ ते जानेवारी २००६ या काळात तो लोकांकडून जमवण्यात आला, आणि त्यात सुमारे ४७,००० आठवणी व १५,००० चित्रे-छायाचित्रे आहेत. एवढ्या पसाऱ्यातून मी एकच धागा धरून वाचन केले: ब्रिटनमधल्या मुलग्यांच्या ग्रामर स्कूलमध्ये १९३९ ते १९४५ या वर्षांत रोजचा दिवस कसा जात असे? हे परीक्षण त्या धाग्यापुरतेच आहे.

ग्रामर स्कूल म्हणजे अकराव्या वर्षाच्या आसपास निवड होऊन मिळणारी माध्यमिक शाळा. लॅटिन, गणित, विशिष्ट टोपी आणि कोट, सोळाव्या वर्षी ‘स्कूल सर्टिफिकेट’ परीक्षा, असा तिचा ठरलेला क्रम असे. बरीच मुले फी भरून शिकत आणि काहींना शिष्यवृत्तीची जागा मिळे. सरकारी खर्चाने चालवल्या जाणाऱ्या अशा शाळांतली फी रद्द झाली ती १९४४ च्या शिक्षण कायद्यामुळे. या शाळांचे छापील इतिहास बहुधा मुख्याध्यापकांची कारकीर्द, नव्या इमारती आणि युद्धात कामी आलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या नावांची यादी यांभोवती फिरतात. वर्गात थंडी किती होती, जेवायला काय मिळे, कोणते मास्तर अचानक दिसेनासे झाले, हे त्यांत क्वचितच सापडते, आणि नेमके तेच या संग्रहात भरपूर आहे.

सर्वांत समृद्ध भाग स्थलांतराचा आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे युद्ध जाहीर होण्याच्या दोन दिवस आधी, मोठ्या शहरांतली मुले गाड्यांनी बाहेर पाठवायला सुरुवात झाली, आणि ग्रामर स्कूलच्या बाबतीत अनेकदा अख्खी शाळाच शिक्षकांसह उठून दुसऱ्या गावी गेली. मँचेस्टर ग्रामर स्कूल ब्लॅकपूलला गेली आणि थोड्याच काळात परतली; इतर काही शाळा वर्षानुवर्षे परगावीच राहिल्या. मुलांच्या गळ्यात गॅस मास्कची पेटी आणि कोटाला नावाची चिठ्ठी असे. ज्या घरी मूल ठेवले जाई, त्या घराला सरकार एका मुलासाठी आठवड्याला साडेदहा शिलिंग देई, आणि एकाहून अधिक मुले असल्यास प्रत्येकी साडेआठ. ही रक्कम इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात मिळेल. पण अनोळखी घरात कोणाच्या पंक्तीला बसायचे, अभ्यासाला दिवा मिळणार की नाही, आणि आपल्या घरापेक्षा हे घर गरीब किंवा श्रीमंत निघाले तर काय वाटते, हे त्या मुलाकडूनच कळते. इमारत यजमान शाळेची असल्यामुळे अनेक ठिकाणी एक शाळा सकाळी आणि दुसरी दुपारी भरे. अर्ध्या दिवसाच्या या शाळेबद्दल लिहिताना बहुतेकांचा सूर तक्रारीचा नसून सुटीचा आहे, हे मला विशेष वाटले.

शिक्षकांचे चित्र तितकेच वाचनीय, पण एकतर्फी आहे. तरुण मास्तर सैन्यात गेले, त्यांच्या जागी निवृत्त शिक्षक परत आले, आणि ज्या शाळांत कधी स्त्री शिक्षिका नव्हती तिथे ती आली. मात्र हे सारे आपण विद्यार्थ्यांच्या नजरेतून पाहतो. १९३९ ते १९४५ मध्ये शाळेत असणारी मुले संग्रहाच्या वेळी साधारण सत्तरी-ऐंशीत होती. त्यांचे मास्तर बोलायला उरले नव्हते, आणि वर्गातून थेट वैमानिक होऊन न परतलेली मुलेही नव्हती. त्यामुळे विनोद, खोड्या आणि बॉम्बचे तुकडे गोळा करण्याची चढाओढ यांचे प्रमाण संग्रहात वाढलेले दिसते. ही संग्राहकांची चूक नव्हे. वाचकाने एवढे गृहीत धरूनच वाचावे.

वरच्या वर्गांतल्या मुलांबद्दलचा मजकूर शोधून वाचण्यासारखा आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये मुलांना विमानदलासाठी तयार करणारी ‘एअर ट्रेनिंग कोअर’ ही संघटना स्थापन झाल्यावर सोळा वर्षांपुढच्या मुलांची संध्याकाळ कवायतीत जाऊ लागली. शाळेच्या छपरावर आगीची पाळत, उन्हाळ्यात शेतावरचे कापणीचे शिबिर आणि सतरा पूर्ण झाल्यावर होमगार्ड, म्हणजे देशरक्षणाचे अर्धवेळ स्वयंसेवक दल, अशी कामे अभ्यासाच्या जोडीला होती. डिसेंबर १९४३ पासून नोंदणी क्रमांकाच्या शेवटच्या अंकावर चिठ्ठी काढून काही तरुणांना सैन्याऐवजी कोळशाच्या खाणीत पाठवले जाऊ लागले. विमानदलाची स्वप्ने पाहणाऱ्या ग्रामर स्कूलच्या मुलाला हा केवढा धक्का असेल, याची कल्पना अशा नोंदी वाचल्यावरच येते.

आता सोयी-गैरसोयींविषयी. संग्रह विनामूल्य आहे, नोंदणीची गरज नाही, आणि पाने साध्या मजकुराची असल्याने मंद जोडणीवरही उघडतात. प्रत्येक आठवणीसोबत योगदान देणाऱ्याचे नाव, घटनेचे ठिकाण आणि लेख क्रमांक दिलेला असतो. पुढे संदर्भ द्यायचा असेल तर तो क्रमांक टिपून ठेवावा. ‘बालपण आणि स्थलांतर’ हा विभाग अवाढव्य असून प्राथमिक शाळा, ग्रामर स्कूल आणि खेडेगाव सारे त्यात एकत्र आहे, म्हणून प्रदेशाच्या अंगाने शिरणे मला अधिक सोपे गेले. बऱ्याच आठवणी ग्रंथालयांत किंवा मेळाव्यांत स्वयंसेवकांनी टंकून दाखल केल्या असल्याने स्थळनामांची वर्णलेखने डळमळतात. तारखा साठ वर्षांनंतरच्या स्मरणावर अवलंबून आहेत, आणि त्या दुसरीकडे पडताळल्याखेरीज वापरू नयेत. आता संग्रहात नवी भर पडत नाही, त्यामुळे दुरुस्तीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

मजकुराचे हक्क मूळ लेखकांकडे असल्यामुळे वर्गात वाचून दाखवणे वेगळे आणि पुस्तकात छापणे वेगळे, हे शिक्षकांनी व लेखकांनी ध्यानात ठेवावे. इतिहासाच्या शिक्षकांना मी सुचवीन की त्यांनी एका शहराच्या दोन-तीन आठवणी निवडाव्यात, त्या शहरावरील हवाई हल्ल्यांच्या तारखा शेजारी मांडाव्यात, आणि कोणती गोष्ट कुठे जुळते व कुठे नाही, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.